गावरान करडईचं बी आणि त्यातली विविधता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आम्ही ज्वारी-हरभऱ्याबरोबर गावरान करडई पेरतो आणि मागेल त्याला पसाभर बी देतो. बी न्यायला आलेली माणसं जे विचारतात, तेच मागाहून फोनवर दुसरी कोणी विचारतात. एकदाचं लिहून ठेवते, म्हणजे सांगायला बरं.

गावरान करडई म्हणजे नेमका कोणता वाण?

वाण नव्हेच. भीमा हा सुधारित वाण म्हटला की एक रूप डोळ्यासमोर येतं: ठरावीक उंची, ठरावीक दिवस, ठरावीक बोंड. गावरान म्हणजे एकाच पोत्यात नांदणारी भाऊबंदकी. पीक फुलात असताना सकाळच्या उन्हात करडईचं एकच तास, म्हणजे एकच ओळ, धरून शेवटपर्यंत चालत जा. पहिलं झाड मांडीपर्यंत, शेजारचं कमरेच्या वर. एकाचं फूल उमलताना पिवळं आणि वाळताना शेंदरी, दुसऱ्याचं वाळल्यावरही पिवळंच, मधेच एखादं पांढुरकं. एकाला बुडापासून फांद्या, दुसरं सरळसोट वाढून शेंड्याला फुटलेलं. काट्यांचा फरक हात घातल्यावर कळतो: काहींच्या बोंडाखालची पानं सुईसारखी, काहींची नुसती खरखरीत. बी दाताखाली धरलं तर एकाचं टरफल जाड, दुसऱ्याचं पातळ. हे सगळं एका पशातून आलेलं.

आमचं बी माझ्या माहेरचं, अक्कलकोटकडचं. आई त्याला कुसुबी म्हणते, कारण तिकडे घरात निम्मी कानडी. सोलापुरातल्या माझ्या तेलुगू मैत्रिणीकडे तीच कुसुम. अशा सरमिसळीच्या मुलखात लग्न होऊन आलेल्या बायकांबरोबर, बाजाराच्या गाड्यांबरोबर, सालगड्यांबरोबर बी फिरत राहिलं. आईच्या पोत्यात किती गावं आहेत, हे आईलाही सांगता यायचं नाही.

झाडं वेगळी दिसतात, म्हणजेच आनुवंशिक विविधता का?

अर्धवट. बांधाकडेचं झाड उंच असतं ते पुष्कळदा मोकळ्या जागेमुळे आणि मुरलेल्या पाण्यामुळे. त्याचं बी आत पेरलं तर झाड पुन्हा इतरांएवढंच. जो गुण बियांतून पुढच्या पिढीत उतरतो तोच इथे धरायचा. तो ओळखायला संशोधक दोन वाटांनी जातात. एक, गावोगावचं बी एकाच रानात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी पेरायचं आणि उंची, फुलोऱ्याचे दिवस, झाडामागे बोंडं, बोंडामागे बी, तेलाचा उतारा असं सगळं मोजायचं. दुसरी वाट पानातून डीएनए काढून त्यातल्या खुणा ताडून पाहण्याची. करडईच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांवर ठिकठिकाणी दोन नमुन्यांत कुठे सारखेपणा आहे, कुठे फरक आहे, ते या खुणा सांगतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या विविधतेचं माझं आवडतं उदाहरण तेलातलं आहे. तेल ज्या आम्लांचं बनतं त्यातली दोन म्हणजे लिनोलिक आणि ओलिक; ओलिक जास्त असलेलं तेल जास्त टिकतं. आपल्या नेहमीच्या करडई तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलिक असतं आणि ओलिक १०-१५ टक्क्यांच्या घरात. १९५० नंतरच्या काळात भारतातून परदेशी गेलेल्या काही बियांत हे प्रमाण चक्क उलटं निघालं: ओलिक भरपूर, लिनोलिक थोडं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले करडईचे अभ्यासक पॉल्डन नोल्स यांनी १९६३ साली एका सहकाऱ्याबरोबर या गुणाची आनुवंशिकता मांडली. मुख्य करामत एकाच अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच गुण दाखवणाऱ्या जनुकाची होती. त्यातून १९६६ मध्ये यूसी-१ हा वाण आला आणि पुढे 'हाय ओलिक' करडई तेलाचा अख्खा धंदा उभा राहिला. ते झाड इकडे कोणाच्या तरी रानात उभं होतं तेव्हा चारचौघींसारखंच दिसत असणार. तेल शिळं लवकर होत नाही, एवढं फार तर त्या घरच्या बाईच्या लक्षात आलं असेल.

करडई मूळची आपलीच ना?

नाही. तिचं मूळ पश्चिम आशियातलं, आणि तिच्या सर्वांत जवळची रानटी बहीण आजही इस्राएल, सीरिया, इराक या पट्ट्यात उगवते. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात करडईच्या फुलांच्या माळा सापडल्या. पण भारतात ती इतकी जुनी आहे की इथल्या मातीने तिला आपल्यासारखं घडवलं. नोल्स यांनी १९६९ मध्ये जगभरच्या करडईचे सात सारखेपणाचे पट्टे मांडले, त्यात भारत-पाकिस्तान हा एक. २०१० साली डीएनएवरून झालेल्या एका अभ्यासात पाच गट पडले आणि भारत, पाकिस्तान व पूर्व आशिया एका गटात आले. म्हणजे आपली करडई आणि चीनमध्ये औषधासाठी वाळवतात ती, या दोघी तुर्की-इराणकडच्या करडईपेक्षा एकमेकींना जवळच्या.

मूळ नसलं तरी विविधता असू शकते. मिरची तरी कुठे आपली होती?

मग भीमा, फुले कुसुमा लावली तर बिघडलं कुठे?

काहीच नाही. आमच्याही मोठ्या तुकड्यात भीमाच असते. ती सोलापूरच्या संशोधन केंद्रातून १९८२ साली प्रसारित झाली आणि कोरडवाहू रानात आजही टिकून आहे, ते उगाच नाही. नंतर फुले कुसुमा, फुले चंद्रभागा, नावात 'एसएसएफ' असलेले सोलापूरचे वाण, परभणीचे वाण असे बरेच आले. करडईवरचं काम देशात जिथे नेटाने झालं त्यात सोलापूर वरच्या ओळीत. वाणांना भीमा, चंद्रभागा अशी नद्यांची नावं मिळाली तीही इथलीच. पंढरपूरला तर ही दोन्ही नावं एकाच नदीची.

पण वाण तयार होतो कशातून, ते विसरून चालत नाही. ज्वारीचं बघा. आपल्या जिल्ह्याने ज्या मालदांडी ३५-१ वर इतकी वर्षं भाकरी खाल्ली, ती मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीच्या ढिगातून निवडलेली. निवडायला आधी ढीग लागतो. सगळ्यांनी एकच निवडलेला वाण पेरला आणि घरचं बी चहाच्या टपरीवरच्या गप्पांपुरतं उरलं, तर पुढचा निवडणारा कशात हात घालणार?

दुसऱ्या बाजूचंही सांगते. गावरान म्हणजे अमृतच, असं म्हणणारे हल्ली फार भेटतात. माझं मत तसं नाही. आमच्या गावरानात तेलाचा उतारा भीमापेक्षा कमी पडतो. झाडं मागेपुढे पिकतात, त्यामुळे काढणीला ताप होतो. ती मी ठेवते ती तिच्या पोटात काय काय आहे ते अजून कळलेलं नाही म्हणून.

दुष्काळात गावरान जास्त तग धरते का?

करडई मुळातच चिवट. सोटमूळ खोल जातं, भारी जमिनीत दोन मीटरच्याही खाली, आणि परतीच्या पावसाने मुरवलेली ओल ते शोधून काढतं. सोलापूरला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरवर भिस्त ठेवून. म्हणून तर १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र इथे सुरू झालं.

गावरानाचा फायदा वेगळ्या जागी आहे. सगळी झाडं एका दिवशी फुलात येत नाहीत. नेमक्या फुलोऱ्यात ओल तुटली किंवा धुकं-ढगाळ आलं, तर काही झाडं मार खातात आणि पुढेमागे असलेली निसटतात. चांगल्या वर्षी याच कारणाने उत्पन्न कमी पडतं. हा सौदा आहे, फुकटचा लाभ नव्हे.

मावा गावरानावर येत नाही, असं ऐकलं. खरं का?

मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. येतो, आणि चांगला येतो. डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून आलं की कोवळ्या शेंड्यांवर काळा थर बसतो, पानं चिकट होतात. पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकली तर हल्ला सौम्य राहतो. हस्त संपून चित्रा लागल्यावर पेरलीत तर फवारणीची तयारी ठेवा.

काळ्या पडलेल्या तासात एखादं झाड मात्र स्वच्छ हिरवं उभं दिसतं. लगेच त्याला 'प्रतिकारक' म्हणून गळ्यात माळ घालू नका. कदाचित ते आठवडाभर आधी निबर झालं असेल, किंवा मावा तिथवर पोचलाच नसेल. लाल दोरा बांधून ठेवा, त्याचं बी वेगळं काढा, दोन-तीन हंगाम वेगळं पेरून पाहा. मी आजवर नऊ झाडांना दोरे बांधले. दोनच पुढे टिकली.

शेजारच्या वाणाशी संकर होतो का?

होतो. करडई मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळते. फुलातली कुक्षी परागकोशांच्या नळीतून वर सरकताना पराग अंगाला लावूनच बाहेर येते. तरी मधमाश्या आपलं काम करतात, आणि परपरागीकरण वाणानुसार व माश्यांच्या वर्दळीनुसार अगदी नगण्य ते निम्म्यापर्यंत असू शकतं.

माझीच फजिती सांगते. काढणीला बायका मिळेनात म्हणून एका वर्षी नारी-६ हा बिनकाटेरी वाण आणला आणि जागा होती म्हणून गावरानाला खेटून लावला. पीक झकास आलं. त्याच तुकड्यातलं बी पुढच्या वर्षी पेरलं आणि उघड्या हातांनी काढायला गेलो, तर मधेमधे काटे. काटेरीपणा हा वरचढ गुण आहे. काटेरी बापाचा एक परागकण बिनकाटेरी आईवर पडला की लेक काटेरीच. चूक वाणाची नव्हती, माझ्या जागा निवडण्याची होती. (फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-एनएच-१ हा बिनकाटेरी संकरित वाण काढला तेव्हा हीच गोष्ट सांभाळावी लागली असणार: आई-बाप दोघंही बिनकाटेरीच हवेत.)

प्रमाणित बियाण्यासाठी दोन करडयांत २०० मीटर अंतर सांगतात. आपल्या दोन-चार एकरांत ते कुठून आणायचं? मी बियांसाठी धरलेल्या झाडांची बोंडं उमलायच्या आधी जुन्या मलमलीच्या पिशव्यांत बांधते. पोरं हसतात, हसू देत.

बियांसाठी किती झाडं ठेवायची?

इथे बहुतेक जण फसतात. सगळ्यात टपोरी बोंडं असलेली चार झाडं निवडली, त्यांचं बी ठेवलं, झालं. दोन-तीन वर्षांत तुमचं गावरान हे त्या चार झाडांचं कुटुंब होऊन बसतं.

हिशेब सोपा आहे. समजा एखादा गुण शंभरातल्या पाच झाडांतच आहे. एक झाड उचललं तर तो हुकण्याची शक्यता ९५ टक्के. दुसरं उचललं की ०.९५ गुणिले ०.९५. असं करत ५९ झाडांपर्यंत गेलात की तो गुण पूर्ण हुकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. बी गोळा करणारे अभ्यासक याच हिशेबाने पन्नास ते शंभर झाडांचा नियम पाळतात. मी ८० झाडं धरते, प्रत्येकाचं एकच बोंड. एका बोंडात सहसा २० ते ५० बी, म्हणजे घरचा वाफा पेरून वर देण्याइतकं निघतं.

आणि निवडू नका. दर दहा पावलांवर जे झाड समोर येईल ते. बुटकं आलं तर बुटकं. हे मनाला फार जड जातं, मला अजूनही जातं.

बी घरी कसं ठेवायचं?

पहिल्या वर्षी मी पोतं पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, तर पत्र्याखाली काय असेल! सप्टेंबरमध्ये ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहिले, एकेचाळीस उगवले. मोठ्या तुकड्याचं नुकसान नव्हतं, पण आईचं ते शेवटचं बी होतं. त्या एकेचाळीसांतून जे आलं त्यावरच आजचं सगळं उभं आहे, आणि न उगवलेल्या एकोणसाठांबरोबर काय गेलं ते गेलंच.

आता असं करते: बोंडं सावलीत वाळवायची, बी दाताखाली कटकन फुटलं पाहिजे, नुसतं दबलं तर अजून ओल आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी फडक्यात बांधलेली भट्टीतून काढलेली कोरडी राख, आणि डबा जुन्या मातीच्या घरातल्या खालच्या कोनाड्यात. थोडं बी आईकडे, थोडं जावेकडे. एका घरात सगळं ठेवायचं नाही, हा धडा एकेचाळीस दाण्यांनी शिकवला.

सरकारी बीजपेढीत सगळं जमा आहे ना? मग आपण कशाला?

दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो आणि हैदराबादची भारतीय तेलबिया संशोधन संस्था करडईचे नमुने सांभाळतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनलाही मोठा संग्रह आहे. वाळवलेलं बी अशा ठिकाणी उणे १८ अंशांच्या आसपास ठेवलं की कैक वर्षं टिकतं. ही सोय हवीच. आमच्यासारख्यांचं पोतं पत्र्याखाली भाजलं तर तीच शेवटची आशा.

पण गोठलेलं बी ज्या वर्षी ठेवलं त्या वर्षाचंच राहतं. रानातलं बी दर हंगामात नव्या माव्याशी, नव्या उन्हाशी, लांबलेल्या पावसाशी झगडून बदलत राहतं. आणि नमुन्यासोबत गेलेल्या कागदावर गाव, तारीख, फार तर मातीचा रंग असतो. 'याची पाला-भाजी कडू लागत नाही' हे त्यावर कोणी लिहीत नाही.

भाजी कोणत्या करडईची चांगली?

कोवळ्या रोपांची, काटे धरायच्या आत. विरळणीत उपटलेली रोपं हीच भाजी. लसूण, हिरवी मिरची, मूठभर मूगडाळ, आणि वरून करडईचंच तेल. सोबत ज्वारीची भाकरी नसेल तर करू नका.

बी दिलं-घेतलं तर कायद्याने अडचण येते का?

नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याला घरचं बी राखणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल करणं, वाटणं, विकणं याचा हक्क स्पष्ट दिला आहे. संरक्षित वाणाचं बी मात्र ब्रँड छापून, पाकीटबंद करून विकता येत नाही.

त्याच कायद्याखाली गावचा वाण 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदवताही येतो. मेख एवढीच की नोंदणीसाठी वाण इतरांपेक्षा वेगळा, आतून एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावा लागतो. शेतकऱ्यांच्या वाणाला एकसारखेपणात थोडी सूट आहे, तरी आमच्या पोत्यातल्या भाऊबंदकीला 'एकसारखी' म्हणवून घ्यायला ती पुरणार नाही. नोंदणीसाठी तिला गाळून सारखी करायची, तर ठेवायचं ते काय राहिलं? मी अजून नोंद केलेली नाही. तुमच्याकडे एखादी ठळक, वेगळी, सारखी दिसणारी करडई असेल तर जरूर करा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत मात्र कोणत्याही गावरान बियांची नोंद होऊ शकते, ती करून घ्या.

परवडतं का?

नुसती गावरान करडई करून? नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता, आणि बाजार गावरान-सुधारित असा भेद करत नाही. उजनीचं पाणी आलेल्या रानात ऊस सोडून करडई कोण करील? जिथे पाणी नाही तिथेही हरभरा सोपा वाटतो, कारण तो टोचत नाही. करडई पहाटेच काढावी लागते, दवाने काटे मऊ असतात तोवर, हाताला फडकी गुंडाळून. काढणी यंत्राने हा प्रश्न बराच सुटतो, पण दोन गुंठ्यांसाठी यंत्र येत नाही.

म्हणून मी कोणाला एकर-दोन एकर गावरान करा असं सांगत नाही. हरभऱ्यात सहा तासांमागे तीन तास करडई टाकता, त्यातलं एक गावरान टाका. किंवा बांधाकडेने लावा, काटेरी कड असली की जनावरं आत शिरत नाहीत. आपल्या आज्या नेमकं हेच करायच्या. घरापुरतं तेल घाण्यावरून निघतं आणि बी चालू राहतं.

तुमच्याकडून बी कसं मिळेल?

आमच्याकडे मार्चच्या शेवटी झोडणी होते, त्यानंतर या. पसाभर मिळेल, पैसे नाहीत. पुढच्या वर्षी पसाभरच परत आणायचं, सवाई-दिढी नको. मात्र चाळून, टपोरं निवडून आणू नका. बारीक, किरटं, जाड टरफलाचं, जसं निघालं तसं. आणि येताना कापडाची पिशवी आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.